हसरी गाठ, रडकी गाठ

तलवाड्याच्या रस्त्याला दूध संस्थेचं संकलन केंद्र होतं. दोन वर्षं पाऊस नव्हता. जनावरं चारा छावणीत बांधलेली, गाईंचं दूध वासरांना पुरेना, मग संस्थेत कोण घालणार? केंद्राला कुलूप लागलं. पण त्या वैशाखात केंद्राच्या पत्र्याखाली जेवढी गर्दी लोटली, तेवढी दुधाच्या दिवसांत कधी लोटली नव्हती. नांदूरघाटाकडून जिपा भरून यायच्या, उमापूरकडून टमटम यायचे. माणसं भर उन्हात उभी राहायची आणि ज्याच्या त्याच्या हातात दवाखान्याचं मोठं पाकीट असायचं.

सुग्रीवबाबा ओट्यावर बसायचा. पाकिटातली काळी फिल्म काढायचा, उन्हाकडं धरायचा आणि एक डोळा मिटायचा. फिल्म सुलटी आहे का उलटी, याचा त्याला काही फरक पडत नव्हता.

"डॉक्टरला नुसती गाठ दिसती," तो म्हणायचा. "मला तिचा चेहरा दिसतो. हा बघा डोळा, ही बघा जिवणी. गाठ दोन जातीची. एक हसरी, एक रडकी. हसरी गाठ पाहुणी असती, चहा पिऊन निघून जाती. रडकी गाठ घर मागती. देवानं लिहिलेलं मशीन छापतं, पण मशीनला वाचता येत न्हाई. वाचायला माणूस लागतो."

लोक माना डोलवायचे. हाच सुग्रीव दोन वर्षांमागं याच ओट्यावर दुधात काचेची नळी बुडवून फॅट सांगायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हा त्याच्यावर कुणाचा विश्वास नव्हता. म्हशीचं दूध गाईच्या भावात मोजतो म्हणून शिव्या खायचा. आता तोच बाईच्या पोटातलं सांगत होता आणि शिव्या देणारेच त्याच्या पाया पडत होते.

उत्तर मात्र तो चारचौघांत कधी देत नसे. मरणाचं बोलणं उघड्यावर करू नये, म्हणायचा. केंद्राला दोन खिडक्या होत्या. पुढच्या खिडकीत पूर्वी दूध ओतायचे, मागच्या खिडकीत बिल मिळायचं. पुरुषानं पुढच्या खिडकीशी कान लावायचा, बाईनं मागच्या. सासरचं एक माणूस, माहेरचं एक. दोन्ही कुळांना कळलं पाहिजे. लग्न झालेलं नसेल तर आई आणि बाप. आणि शपथ एकच: निकाल लागेपर्यंत ऐकलेलं तोंडातून काढायचं नाही, घरच्या माणसापाशीसुद्धा नाही. काढलं तर गाठ तोंड फिरवते.

जालिंदरला हे सगळं तोंडपाठ होतं. आपली बायको सरू हिच्यासाठी त्यानं भाद्रपदात पुढच्या खिडकीला कान लावला होता. ती पौषात गेली. त्यानंतर तो या रस्त्यानं फिरकलाही नव्हता. आज आला तो वेगळ्या कामानं. छावणीतलं पाण्याचं इंजिन बंद पडलं होतं, जनावरं हंबरत होती, आणि इंजिन दुरुस्त करणारा खाजामियाँ मिस्त्री दुकानात नव्हता. शेजाऱ्यानं सांगितलं, पोरीला घेऊन बाबाकडं गेलाय.

पोरीला, हे ऐकल्यावर जालिंदरनं तलवाड्याचा रस्ता धरला.

सरू आणि तो, दोघं मिळून एक कोयता, म्हणजे ऊसतोडीची एक जोडी. लग्न झाल्यापासून ऊसतोडीला जायचे. पाळी आली की खाडा पडतो, खाड्याचा मुकादम दंड घेतो, म्हणून टोळीतल्या बायका गर्भाची पिशवी काढून मोकळ्या व्हायच्या. सरूनंही काढली. तिशीसुद्धा झाली नव्हती. मग काही वर्षांनी तिचं पोट वाढायला लागलं. हाताला टणक लागायचं. गावातल्या बायका म्हणायच्या, पिशवीच न्हाई तर गाठ राहायला जागा कुठं हाय? ही कुणाची तरी करणी. पिशवी काढली म्हणजे त्या कोठ्याला कुलूप लागलं, अशी सगळ्यांची खात्री. जालिंदरचीही तीच होती.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर सुजाता वाघमारे यांनी त्याला कागदावर काढून दाखवलं. पिशवीच्या दोन्ही अंगांना बदामाएवढी अंडाशयं असतात. तरुण बाईची पिशवी काढताना ती शक्यतो मागं ठेवतात. गाठ त्यातल्या एकात आहे.

"वाचंल का?" त्यानं विचारलं होतं.

"ही गाठ विरळ आहे. माझ्याकडे वर्षाकाठी एखादी येते. ऑपरेशन करून तपासायला पाठवली की थोडंफार सांगता येईल. आज नक्की सांगितलं तर ते खोटं असेल."

एवढी शिकलेली बाई आणि सांगता येत न्हाई म्हणते, याचा त्याला राग आला होता. त्याला वाचेल किंवा नाही, यांतलं एक काहीतरी पाहिजे होतं. ते या खिडकीत लगेच मिळालं. "हसरी हाय," सुग्रीवबाबा कानात म्हणाला. "दिवाळीपर्यंत विरघळंल. पण सुरी लावू नको. सुरी लावली की हसरी चिडती."

जालिंदरनं सुरी लावू दिली नाही. दिवाळी झाली. पोटात पाणी भरलं. मग दवाखान्यात नेली तेव्हा ऑपरेशनची वेळ टळून गेली होती. सरू गेल्यावर तो बाबाकडं आला, तर बाबा म्हणाला, "तू कुणापाशी तरी बोललास. गाठीनं तोंड फिरवलं." जालिंदरनं खूप आठवून पाहिलं. माणसापाशी तो बोलला नव्हता. एकदा दावणीला बैलाच्या मानेवरून हात फिरवताना म्हणाला होता, वाचती बरं का आपली सरू. तेच नडलं, असं धरून तो पौषापासून जगत होता. कुणाला तोंड दाखवायची त्याला लाज वाटायची.

आता तो गर्दीत घुसला आणि खाजामियाँला शोधू लागला. तेवढ्यात ओट्यावरून ओळखीचा आवाज आला.

"माझी लेक व्हती. सरूबाई नाव तिचं."

सासू होती त्याची, केशरबाई. नेसूचं चांगलं लुगडं, कपाळ मोकळं, हात जोडलेले. बाबानं तिला बाजूला उभं केलं होतं आणि ती लोकांना सांगत होती. "डॉक्टरलाबी कळलं न्हाई ते बाबानं भादव्यातच सांगितलं. रडकी गाठ हाय, म्हणले, पौष वलांडायची न्हाई. बोट ठिवल्यावानी झालं बघा. पौषातच गेली माझी लेक."

गर्दीतून हुंकार उठला. एका म्हाताऱ्यानं पुढं येऊन ओट्याला डोकं टेकवलं.

जालिंदर जागच्या जागी उभा राहिला. केशरबाई ओट्यावरून उतरून पाण्याच्या टाकीच्या सावलीला गेली, तसा तो तिच्या मागं गेला. पौषापासून दोघांत बोलणं नव्हतं. यानं पोरीला शेवटपर्यंत फसवलं, असं ती गावभर सांगायची.

"मामी, बाबानं काय सांगितलं व्हतं म्हणलात?"

तिनं पदर ओढून घेतला. "ऐकलं की तुमी. रडकी."

"कधी?"

"तुमी पुढं उभे व्हता, मी मागच्या खिडकीला. एकाच दिशी."

"मला हसरी म्हणला."

केशरबाईनं मान झटकली. "खोटं बोलू नका जावायबापू. मेलेल्या माणसावर खोटं बोलू नये."

"सरूची आण. दिवाळीपर्यंत विरघळंल म्हणला. म्हणून तर मी ऑपरेशनला न्हाई म्हणलो."

"आन मला म्हणला, चिरून उपेग न्हाई," ती हळूहळू म्हणाली. "कशीबी जाणारच, मग लेकराला कावून चिरता? सुखानं जाऊ द्या म्हणला. म्हणून मी गप बसले. मला वाटलं तुमाला बी तेच सांगितलं आसंल. तरी तुमी तिला म्हणायचा, तू बरी व्हशील, बरी व्हशील. मी म्हणायची, हा माणूस कसा हाय, ठावं असून पोरीला फसवतोय."

"मंग मला कावून सांगितलं न्हाई, मामी?"

"तुमी कावून बोलला न्हाई?"

शपथ होती. दोघांनाही होती. आणि शपथ नसती तरी ते बोलले असते कधी? जालिंदर छावणीत जनावरांपाशी, सरू आणि तिची आई गावात टँकरची वाट बघत. त्या साली सगळ्या गावांचं असंच होतं. गडी छावणीत, बायका हंड्यांपाशी. भाकरीचं गठुडं पोचवायला जे येईल, तेवढाच निरोप. सुग्रीव मूर्ख नव्हता. दुष्काळानं घरं दुभंगली होती आणि त्या फटीतच त्यानं दुकान मांडलं होतं. एकाला हसरी सांगायची, दुसऱ्याला रडकी. बाई वाचली तर पुढच्या खिडकीवाला ओट्यावर चढून गुण गाणार. मेली तर मागच्या खिडकीवाली गाणार. उरलेल्या एकाला सांगितलेलं खोटं ठरायचं, पण तो तोंड उघडत नसे, कारण पथ्य आपणच मोडलं असं त्याला वाटायचं. सुग्रीवचं भाकीत चुकायला जागाच नव्हती.

केशरबाई खाली बसली. तिला रडू आलं नाही. "मी दर गुरुवारी हितं यून साक्ष देती," ती म्हणाली. "लोकं ऐकून आपल्या लेकी आणत्यात."

तेवढ्यात पुढच्या खिडकीपासून खाजामियाँ वळला. त्याच्या तोंडावर हसू होतं, दाबून धरलेलं. जालिंदर त्याच्याकडं धावला.

"खाजाभाई, काय सांगितलं?"

"बोलायचं न्हाई भाऊ. कसम हाय. इंजिन बंद पडलं का? येतो ना, आत्ता येतो. आज लई हलकं वाटतंय."

"डॉक्टर काय म्हणले पोरीचं?"

"सोमवारची तारीख दिलीय ऑपरेशनची. पण आता बघू." खाजामियाँनं कान खाजवला. "घाई काय हाय?"

केंद्राच्या मागून आमिनाबी आली. बुरख्याची जाळी वर केलेली, तोंड कोळशासारखं झालेलं. भिंत धरून चालत होती. नवऱ्याकडं तिनं बघितलं नाही, आणि त्यानंही तिच्याकडं बघितलं नाही, हसू दिसेल म्हणून.

त्यांची पोरगी जरीना रिक्षात बसली होती. कॉलेजात जायच्या वयाची, अंगानं बारीक, पण ओढणीखाली पोट सहाव्या महिन्याच्या बाईसारखं. लोक बघायचे आणि तोंडं वळवायचे. त्यांच्या गल्लीत त्यावरून काय काय बोललं गेलं होतं, ते तिला माहीत होतं.

जालिंदर दोघांना म्हणाला, "इथंच एकमेकाला सांगा. जे ऐकलं ते आत्ता सांगा."

"तौबा करा भाऊ," आमिनाबी म्हणाली. "पोरीच्या जिवावर बेतंल."

"माझ्या सरूचं असंच झालं. मला एक सांगितलं, तिच्या आईला एक. इचारा ह्यांना."

केशरबाई मागं येऊन उभी होती. तिनं मान हलवली. पण खाजामियाँ ऐकेना. तुमचं तुमच्यापाशी, म्हणाला. तुमच्या बाईचं तर झालं, आमची अजून जित्ती हाय. त्याचं चुकत नव्हतं. बोललं आणि शपथ खरी निघाली तर? बाप ती जोखीम कशी घेणार? अशा जागी शहाणपण उपयोगी पडत नाही. जो भितो त्याला पुरावा देऊन काही होत नाही, कारण पुरावा बघायलाही त्याला भीती वाटते.

रिक्षातून जरीना म्हणाली, "अब्बा हसत आले. अम्मी रडत आली. मी काय बावळट हाय का?"

तिनं दोघांकडं आळीपाळीनं बघितलं.

"ज्याच्या पोटात गाठ, त्याला कुणी इचारतच न्हाई. फिल्म माझी, खिडकी तुमची." ती रिक्षातून उतरली, एका हातानं पोट सावरत. "कसम तुमी दोघांनी घेतली. मी न्हाई घेतली. अब्बा, तुमाला हसरी सांगितली. अम्मी, तुला रडकी. चूक असंल तर चूक म्हणा. तुमी काही सांगू नका, नुसतं चूक म्हणा."

खाजामियाँच्या तोंडून 'चूक' निघालं नाही. आमिनाबीनं पहिल्यांदा नवऱ्याकडं बघितलं.

"हसरी?" ती म्हणाली. "तुमाला हसरी सांगितली?"

आवाज वाढला तशी माणसं वळली. ओट्यावरून सुग्रीवबाबानं फिल्म खाली केली. "कोण हाय तिकडं? पथ्य मोडतंय कोण?"

जालिंदर ओट्याजवळ गेला. त्याला भाषण येत नव्हतं. "मी सरूबाईचा नवरा," तो म्हणाला. "मला हसरी म्हणलास. माझ्या सासूला रडकी म्हणलास. एकाच दिशी. आता ह्या पोरीच्या बापाला हसरी, आईला रडकी. पोटात गाठी किती असत्यात बे, खिडकीला एक?"

कुणीतरी फसकन हसलं.

बाबा दचकला नाही. असल्या माणसांना उत्तर पाठ असतं. "गाठीला दोन गाल असत्यात," तो म्हणाला. "एक हसतो, एक रडतो. ज्याचं जेवढं पुण्य, तेवढं त्याला दिसतं. बापाचं पुण्य मोठं, त्याला हसरा गाल दिसला."

"माझं पुण्य कमी का?" आमिनाबी म्हणाली. "नऊ महिने पोटात मी वागवली."

"आन माझं बी कमी का?" केशरबाईचा आवाज फाटला. "पुण्य कमी व्हतं तर ओट्यावर कावून चढवलंस मला? दर गुरुवारी कावून बलवलंस?"

बाबा तोंड उघडायच्या आत गर्दीत नांदूरघाटची एक बाई आपल्या बहिणीच्या नवऱ्याकडं वळली. त्या बहिणीच्या पोटात गाठ होती. ती दोघं आधीच खिडकीला जाऊन आली होती. "भावजी, तुमाला काय सांगितलं?" तो खाली बघू लागला. "भावजी, इचारते मी." त्यानं पायानं माती उकरली आणि म्हणाला, "हसरी." बाईनं कपाळावर हात मारला. मग एका उमापूरच्या म्हाताऱ्यानं मेहुणीला विचारलं. मग कोपऱ्यात कुणी कुणाला. सगळ्यांनी नाही विचारलं. काही जण पाकिटं छातीशी धरून तसेच उभे राहिले, खालमानेनं. दोघं-तिघं तर जालिंदरवरच धावून आले, देवाच्या कामात खोडा घालतो म्हणून.

दूध संस्थेचे चेअरमन माणिकराव जीपमधून उतरले. केंद्राची किल्ली त्यांनीच सुग्रीवला दिली होती. गर्दीच्या दिवशी हात जोडून फिरायला त्यांना बरं पडायचं, संस्थेची निवडणूक तोंडावर होती. त्यांनी गर्दी बघितली, बाबाकडं बघितलं, आणि ज्या बाजूला माणसं जास्त त्या बाजूला जाऊन उभे राहिले. "मला पहिल्यापास्नं शंका व्हती," ते म्हणाले. सुग्रीवनं मागचं दार उघडलं आणि मोटारसायकल चालू झाल्याचा आवाज आला. ओट्यावर चार-पाच फिल्मा पडल्या होत्या. लोकांनी आपापली शोधून घेतली.

सोमवारी जरीनाचं ऑपरेशन झालं. त्याच डॉक्टर होत्या. खाजामियाँनं विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की ही गाठ कोवळ्या वयात येते, लवकर वाढते, पण औषधाला दाद देते. अशा बहुतेक मुली नीट उपचार घेतले तर वाचतात. "तुमची मुलगी वाचेलच असं लिहून मागितलं तर मी देणार नाही," त्या म्हणाल्या. "पुष्कळ मुलींचं काय होतं ते मला माहीत आहे. हिचं काय होईल ते हिच्याबरोबर चालत जाऊनच कळेल."

मग औषधाच्या बाटल्या चढल्या. केस गेले. उन्हाळा संपला, केस परत आले. ती आजही ठरावीक महिन्यांनी रक्त तपासायला जाते आणि डॉक्टर दर वेळी तेवढंच सांगतात, जेवढं रक्तात दिसतं. ती कॉलेजात जाते. गल्लीतल्या तोंडांना तिनं काय उत्तर दिलं, ते तिचं तिला ठाऊक.

सरू परत आली नाही. वेळेवर ऑपरेशन झालं असतं तर ती वाचली असती का? जालिंदरनं एकदा दवाखान्यात जाऊन विचारलं. डॉक्टर खोटं बोलू शकल्या असत्या, कुठल्याही बाजूनं. त्या म्हणाल्या, "संधी होती. किती, ते सांगता येत नाही." ते त्यानं ऐकून घेतलं आणि घरी आला. केशरबाई आता त्याच्याशी बोलते. फार नाही. दोघं एका ठिकाणी बसले की सरूचं नाव कुणी काढत नाही.

सुग्रीव दुसऱ्या तालुक्यात बसतो म्हणे. त्यानं धंदा सुधारला आहे. आता एका घरातून एकच माणूस बोलावतो.

म्हणून सांगायचं एवढंच. दुखणं विरळ असलं की जाणता माणूसही चाचपडतो, आणि तो चाचपडतो म्हणून आपल्याला राग येतो. तो राग गिळा. 'नक्की' हा शब्द ऐकायला आपण जीवसुद्धा मोजतो, आणि तो विकणारे गावोगाव बसलेत. ज्यानं सांगितलं त्याला विचारा, तुला कसं कळलं? चुकलं तर तुझं चुकलं असं कशावरून धरायचं? आणि कानात सांगून कुणी शपथ घालत असेल, तर तिथून तडक घरी या, ऐकलेलं चुलीपाशी बसून मोठ्यानं बोला, आजारी बाईच्या समोर बोला. खरं असेल ते बोलल्यानं बिघडत नाही. बोलल्यानं जे मोडतं ते खोटंच होतं, आणि ते जेवढ्या लवकर मोडेल तेवढी एखादी बाई जास्त जगेल.